मदत हवी आहे: दशमांशाबद्दल (उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देणं) तरुणांना काय सांगू?

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. मिरजेतल्या आमच्या तरुण संघात मला ‘ख्रिस्ती कारभारीपण’ (देवाने दिलेलं नीट सांभाळणं, वापरणं) या विषयावर बोलायचं आहे. बायबलमधलं मलाखी ३:१० (‘दशमांश भांडारात आणा, मग मी आशीर्वादाचा वर्षाव करतो की नाही ते पाहा’ अशा अर्थाचं वचन) वाचून दाखवणं सोपं आहे, पण त्यातून ‘द्या म्हणजे दुप्पट मिळेल’ असा हिशेब निघतो, आणि तो मला पटत नाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला (तिथल्या चर्चला) मासेदोनियाचं उदाहरण देतो (२ करिंथ ८): तिथले लोक स्वतःच गरीब होते, तरी त्यांनी आग्रहाने दिलं, आणि आधी स्वतःला प्रभूला दिलं. मला इथूनच सुरुवात करायची आहे. १ इतिहास २९:१४ मध्ये दावीदही म्हणतो की, आम्ही देतो ते तुझंच आहे.

अडचण पुढे आहे. आमच्यात ऊसवाल्यांची मुलं बरीच. ती विचारणारच: दशमांश पूर्ण ऊसबिलाचा, की सोसायटीचं कर्ज कापून हातात येतं त्याचा? नोकरीवाल्यांचा प्रश्न पीएफचा. नव्या करारात टक्का ठरवून दिलेला नाही, ‘मनात ठरवल्याप्रमाणे’ एवढंच आहे (२ करिंथ ९:७). ते सांगितलं तर काही जण दहा रुपयांवर थांबतील, हीही धास्ती आहेच!

तुमच्या मंडळीत हे कसं समजावता? पाळकांनी आणि शेती करणाऱ्यांनी जरूर लिहा.