शुगर ‘लो’ होणाऱ्यांच्या वाहन परवान्याचे नियम कडक करावेत का?

कात्रजकर:
मधुमेहामुळे मी १७ वर्षे इन्शुलिन घेतो, त्याने रक्तातील साखर कधी धोकादायक खाली (‘लो’) जाऊ शकते, आणि मी रोज गाडी चालवतो. गेल्या महिन्यात परवान्याचे नूतनीकरण केले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना १ विचारतो की अपस्मार आहे का, कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते किंवा चक्कर येते का, २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का. मधुमेहाचे नाव त्यात कुठेही नाही. चाळिशीनंतर लागणाऱ्या नमुना १-अ या वैद्यकीय दाखल्यावर डॉक्टरांनी डोळे तपासून सही केली, खिशातल्या इन्शुलिनच्या पेनाकडे त्यांचे लक्षही गेले नाही. ब्रिटनमध्ये इन्शुलिन घेणाऱ्याने डीव्हीएलए या परवाना खात्याला कळवावेच लागते, परवाना १ ते ३ वर्षांचाच मिळतो आणि निघण्यापूर्वी २ तासांच्या आत व पुढे दर २ तासांनी साखर तपासावी लागते. आपल्याकडेही असा नियम हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टिअरिंग:
साफ असहमत. माझे वडील सासवडहून वाशीच्या बाजारात टेम्पोने भाजी नेत. एकदा रात्री खोपोलीजवळ त्यांना दरदरून घाम फुटला, बोलणे अडखळू लागले, तेव्हा क्लीनरने गाडी बाजूला घ्यायला लावून त्यांच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती आणि जेवण मात्र माल उतरेपर्यंत राहिले होते. आता सांगा, हे त्यांनी अर्जात लिहिले असते तर दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटली असती? नियम आला की आजार जात नाही, फक्त तो सांगणे बंद होते.

लेस्टरवासी:
मी त्याच ब्रिटिश नियमाखाली गाडी चालवतो. येथे ‘फाइव्ह टू ड्राइव्ह’ म्हणतात: साखर ब्रिटिश मापात ५ किंवा त्याखाली, म्हणजे आपल्या मापात साधारण ९० मिग्रॅ, असेल तर आधी खायचे, ४ च्या खाली असेल तर गाडी चालवायचीच नाही, आणि साखर पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटे थांबायचे. ती ४५ मिनिटे मी दुकानाच्या वाहनतळात, मागे कंटाळलेली मुलगी आणि डिकीत वितळणारे आइस्क्रीम घेऊन काढली आहेत. त्रास होतो, पण लो शुगरमध्ये ‘मी ठीक आहे’ असे वाटणे हेच तिचे लक्षण असू शकते, हेही मी अनुभवले आहे. ‘स्टिअरिंग’ यांनी सांगितलेला प्रसंग येथे गंभीर ‘हायपो’ (साखर धोकादायक खाली जाणे) ठरतो, कारण दुसऱ्याची मदत लागली. मोटारीच्या चालकाला १२ महिन्यांत असा एक प्रसंग माफ असतो, तोही ३ महिने उलटून गेले असतील तर. ट्रकचालकाला मात्र एकही नाही.

मात्र लपवाछपवीचा मुद्दा खरा आहे. डेन्मार्कमध्ये २०१२ साली युरोपीय नियम कडक झाल्यावर रुग्णांनी डॉक्टरांना सांगितलेल्या गंभीर हायपोंची संख्या एकदम घटली; हायपो कमी झाले असतील यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. ब्रिटनने २०१८ पासून मोटारीच्या परवान्यासाठी झोपेतला हायपो मोजणे बंद केले.

कात्रजकर:
मग साखरेच्या आकड्याऐवजी, ‘लो होताना तुम्हाला कळते का?’ एवढेच अर्जात विचारावे. नुसत्या मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीवर असलेल्याला हा धोका क्वचितच असतो, त्याला या फेऱ्यात ओढू नये. मात्र वर्षानुवर्षे इन्शुलिन घेतल्यावर घाम, थरथर ही पूर्वसूचनाच बोथट होत जाते. माझीही पूर्वीइतकी तीव्र राहिलेली नाही, म्हणून तर हा विषय काढला.

स्टिअरिंग:
तुम्ही प्रामाणिक आहात म्हणून लिहाल. ज्याचे कळणेच बंद झाले आहे, त्याला ते बंद झाले हे सांगणार कोण? आमच्याकडे ते क्लीनरने सांगितले, आणि हल्ली टेम्पोवर क्लीनर ठेवतच नाहीत.