मदत हवी आहे: आवरायला बसते आणि पसाराच वाढतो

नमस्कार मंडळी, 10 दिवसांनी पाहुणे येताहेत आणि घरात पाय ठेवायला जागा नाही.

दर वेळी माझं तेच होतं. उत्साहाने अख्खं कपाट पलंगावर उपसते, तासाभरात डोकं गरगरायला लागतं आणि रात्री झोपायचं म्हणून सगळं तसंच परत कोंबते. काल एका खणात केव्हाच बंद पडलेल्या मोबाइलचे तीन चार्जर निघाले, शिवाय एक बेवारस किल्ली. अर्धा तास ती घरातल्या प्रत्येक कुलपाला लावून बघत होते! (हसू नका.)

आता ठरवलंय, 20 मिनिटांचा गजर लावायचा आणि एका वेळी एकच खण. ‘ठेवायचं’, ‘द्यायचं’, ‘टाकायचं’ असे तीन खोकेही केलेत. पण चौथा ढीग आपोआप तयार होतो, ‘बघू नंतर’चा, आणि तोच सगळ्यात मोठा. त्याचं तुम्ही काय करता? खोक्यावर तारीख घालून सहा महिने माळ्यावर टाकणं हा उपाय की पळवाट?

आणि एकेक खोली घ्यावी, की आधी घरभरचे कपडे, मग कागद, असं करावं? जुनी पत्रं नि फोटो मात्र शेवटीच. ते हातात आले की दिवस गेलाच म्हणून समजा.