म्युरित्झ आणि मेकलेनबुर्गची तळी: तुमचे अनुभव लिहा

जर्मनीत राहणाऱ्या आपल्या लोकांना सुट्टी म्हटली की बायर्न नाहीतर ब्लॅक फॉरेस्ट आठवतं. भारतातून आई-बाबा आले की तेच. आम्हीही आठ वर्षं तेच केलं. बर्लिनच्या उत्तरेला, रोस्टॉकच्या रिजनल गाडीने गाठता येईल असा हजाराहून जास्त तळ्यांचा मुलूख आहे, हे मला शेजारच्या आजींनी सांगितलं. शेवटच्या हिमयुगातला बर्फ वितळून मागे हटला आणि मागे राहिलेल्या खोलगट जागांत पाणी साचलं, ती ही तळी. सगळ्यात मोठं म्युरित्झ, साधारण ११७ चौरस किलोमीटर. बोडनझे याहून मोठं आहे, पण ते तीन देशांच्या सीमेवर. पूर्णपणे जर्मनीच्या हद्दीत असलेलं सर्वांत मोठं तळं हेच. नाव जुन्या स्लाव्ह भाषेतून आलंय, अर्थ 'छोटा समुद्र'.

या उन्हाळ्यात बरेच जण तिकडे जायचं म्हणताहेत. कुठे राहिलात ते नंतर सांगा. काय केलंत, काय चुकलं, परत गेलात तर काय वेगळं कराल, ते आधी लिहा. सुरुवात मी करते.

बर्लिनमधल्या स्पान्डाऊला आमच्या घराजवळून हाफेल वाहते. चांगली रुंद नदी, मालाच्या बोटी जातात त्यातून. तिचा उगम या तळ्यांच्या मुलखात, आंकर्सहागेन गावाजवळ. आम्ही थोडं खाली क्राट्सेबुर्गला कनू भाड्याने घेतली. दोन मोठे, नऊ वर्षांचा मुलगा आणि तीन दिवसांचं सामान. आधी केबेलिक तळं ओलांडलं आणि पलीकडे हाफेल सापडली. एवढीशी! वल्हं आडवं धरलं की दोन्हीकडची लव्हाळी हाताला लागत होती. रोज पुलावरून बघतो ती नदी हीच, हे मुलाला दोनदा सांगावं लागलं.

ग्रान्झिनला पाण्याची वाट तुटते. तिथे रुळांवर लोखंडी गाडी आहे. कनू तिच्यावर चढवायची आणि झाडांमधून ढकलत पागेल तळ्यापर्यंत न्यायची. रुळांच्या सांध्यावरून चाक गेलं की कनूतले जेवणाचे डबे खडखडायचे. मुलाने त्या गाडीला कुणाला हात लावू दिला नाही, घामाघूम होऊन स्वतःच ढकलली. पुढे म्युरित्झ राष्ट्रीय उद्यानातल्या या वाटेवर इंजिनाच्या बोटींना बंदी आहे. पाण्यात पांढरी कमळं, वर निळे चतुर, आणि तळाची वाळू दिसेल इतकं स्वच्छ पाणी.

चूक आमची अशी की तंबूची जागा आधी ठरवली नव्हती. उद्यानात वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. तंबूंचा पहिला तळ भरलेला होता, म्हणून दिवस मावळेपर्यंत वल्हवत पुढच्या तळावर पोचलो. मूल बरोबर असेल तर जागा आधी पक्की करा.

* * *

हांबुर्गहून लिहितोय. वरचं वाचून कुणी तीच कनू घेऊन थेट म्युरित्झवर जाईल, म्हणून आधी हे.

आम्ही दोघं मित्र क्लिंकहून दक्षिणेला रोबेलकडे निघालो होतो. सकाळी पाणी अगदी तेलासारखं शांत. दुपारी उत्तरेचा वारा सुटला. म्युरित्झ पसरट आणि बरंचसं उथळ आहे, सरासरी सहाएक मीटर. त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या येतात, एकीतून नाव सावरेपर्यंत दुसरी अंगावर. मागून आलेल्या दोन लाटांनी आमची नाव पाण्याने भरली आणि कलंडली. लाइफ जॅकेटं घातलेली होती आणि काठ जवळ होता, म्हणून आज हे लिहितोय. नाव धरून पोहत लव्हाळ्यांपर्यंत आलो तेव्हा पाय टेकले. भाड्याने नाव देणाऱ्याने वाऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही. हवामानाचा अंदाज बघितला होता, पण फक्त पावसाचा.

हाउसबोट घेणाऱ्यांनाही हेच लागू. परवाना नसला तरी काही तासांचं शिकवणं घेऊन तिथल्या बऱ्याच पाण्यात हाउसबोट चालवता येते, पण अशा लोकांना वारा चार बोफोर्टच्या (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) वर गेला की म्युरित्झ ओलांडायची परवानगी नसते. तो नियम कागदावरचा समजू नका. कनूवाल्यांनी लहान तळी आणि कालवे धरावेत. तिथे भरपूर आनंद आहे.

* * *

रोस्टॉकमध्ये शिकते. आम्ही चौघी सायकली घेऊन वारेनला उतरलो आणि दोन दिवसांत म्युरित्झला फेरी मारली, ऐंशीएक किलोमीटर. चढ जवळजवळ नाहीत. मात्र जंगलात फाट्यांवर वळलात की वाळू लागते आणि चाक रुततं, बारीक टायरची सायकल नेऊ नका. आणि संध्याकाळी गोचीड बघा! गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, केसांत. माझ्या मैत्रिणीला तिसऱ्या दिवशी सापडली.

मला सगळ्यात आवडलं फेडेरोव. तिथे ऑस्प्रे, म्हणजे मासे खाणारे शिकारी पक्षी, विजेच्या उंच मनोऱ्यांवर घरटी बांधतात. माहिती केंद्रात घरट्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र लाइव्ह दिसतं. आम्ही होतो तेव्हा नर मासा घेऊन आला आणि मादीने त्याचे बारीक तुकडे करून पिल्लांच्या चोचीत दिले, सगळ्यात मागच्याला सुद्धा. बाहेर आलो तर तोच मनोरा शेताच्या कडेला उभा, वर काटक्यांचा भारा. बाबांबरोबर भिगवणला हिवाळ्यात ऑस्प्रे पाहिला होता, पण तो पाहुणा. इथे त्याचं घर पाहिलं.

स्पेकजवळ केफ्लिंग्सबर्गचा मनोरा आहे, तो चढा. वरून नुसतं पाईनचं जंगल आणि मधे मधे तळ्यांचे तुकडे. याच भागात पूर्व जर्मनीच्या बड्या नेत्यांची शिकारीची राखीव जंगलं होती आणि सोव्हिएत लष्कराचा सराव चालायचा. सामान्य माणसाला आत जाता येत नव्हतं. राष्ट्रीय उद्यान झालं १ ऑक्टोबर १९९० ला, म्हणजे दोन्ही जर्मनी एक होण्याच्या बरोबर दोन दिवस आधी. मावळत्या सरकारने जाता जाता एवढी मोठी जमीन राखून ठेवली, हे मला फार मोठं वाटतं.

* * *

ऑस्प्रेचं वाचून राहवलं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी रेडेरांग तळ्यावर क्रौंच बघावेत. त्या दिवसांत संध्याकाळी तिथे फक्त वाटाड्याबरोबरच जाता येतं, तिकीट आधी काढावं लागतं. गडद कपडे घाला. पक्षी हजारोंनी येतात, शेतातून चरून रात्री उथळ पाण्यात उभे राहायला. दिसायच्या आधी ऐकू येतात, दुरून तुतारी फुंकल्यासारखे. माझा फोन वाजला आणि समोरची एक ओळ तळ्यावर न उतरता वळून गेली. फोन बंद करूनच जा.

* * *

आमच्या सासूबाई वाईच्या, वय ७४, गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी काय, असा प्रश्न होता. इव्हेनाकला नेलं. तिथे शेकडो वर्षांचे ओक आहेत, सर्वांत मोठ्याचा घेर अकरा मीटरच्या आसपास. झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा पूल आहे आणि वर जायला लिफ्ट. खाली ठिपक्यांची हरणं मोकळी फिरतात. सासूबाई एका झाडासमोर बाकावर अर्धा तास बसल्या. म्हणाल्या, "आपल्या वडासारखं याला पारंब्यांचा आधार नाही गं, एकट्या खोडावर उभं राहिलंय." मग पिशवीतून लाडू काढला, अर्धा मला दिला.

दुसऱ्या दिवशी स्टुअरचं अस्वलांचं वन. सर्कशीतून किंवा पिंजऱ्यांतून सोडवलेली अस्वलं तिथे ठेवतात. एक अस्वल एवढी मोठी जागा असून पाच पावलं पुढे, पाच मागे करत होतं. पिंजरा सुटला तरी सवय सुटत नाही. आम्ही दोघी तिथून गप्पच निघालो.

पोहायला जाणाऱ्यांसाठी एक. काही काठांवर लोक कपड्यांशिवाय पोहतात, पूर्व जर्मनीत ती जुनी रीत आहे. पाटीवर एफकेके लिहिलेलं असतं. पाटी वाचून जागा निवडा, म्हणजे त्यांनाही अवघडल्यासारखं होत नाही आणि आपल्या घरच्यांनाही.

* * *

मी रत्नागिरीचा, त्यामुळे मासळी. जर्मनीत गळ टाकायला परीक्षा देऊन परवाना लागतो, पण मेकलेनबुर्ग-फोरपोमर्न राज्यात पाहुण्यांना परीक्षेविना २८ दिवसांचा परवाना मिळतो. शिवाय त्या त्या तळ्याचा पास वेगळा. दोन दिवसांत मला तीन छोटे पर्च मिळाले, तिन्ही सोडून दिले. खायला मरेने नावाचा मासा घ्या, लाकडाच्या धुरावर शेकलेला. काटा सहज सुटतो.

आणि फेल्डबर्गला श्मालर लुत्सिन तळ्यावरची तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, चुकवू नका. आपल्या खाडीवरच्या तरीसारखीच माणसं आणि सायकली पार नेते. इंजिन नाही. दोर आहे आणि तरवाला तो हाताने ओढून होडी पलीकडे नेतो. पाणी हिरवं, दोन्हीकडे उभे चढ आणि बीचची झाडं. मी विचारलं, ओढू का? त्याने हो म्हटलं आणि सरकून जागा दिली. दोर ओला आणि गार होता. मधोमध आलो तेव्हा त्याने हाताने खूण केली, सावकाश. पलीकडच्या धक्क्यावर एक बाई सायकल धरून वाट बघत होती, तिला घेऊन आम्ही परत निघालो.