नंबर जुळला म्हणजे दागिना खरा?

सव्वातोळा
कालपासून एक सल्ला फिरतोय: 'जुना दागिना विकत घेताना फक्त सहा अक्षरांचा एचयूआयडी (दागिन्यावर कोरलेला हॉलमार्कचा नंबर) सरकारी ॲपमध्ये टाकून बघा. जुळला तर घ्या, नंबरच नसेल तर डोळे झाकून नाही म्हणा.' वाचून डोकं फिरलं.

अहो, एचयूआयडी आला २०२१ साली. १ एप्रिल २०२३ पासून तो नसलेला दागिना दुकानदाराला विकता येत नाही, मान्य. पण सत्तर वर्षांपूर्वीच्या तन्मणीवर (मोत्यांचे सर आणि मधे खोड, म्हणजे जडावाचं पदक) तो कुठून येणार? उलट 'आमच्या पणजीचा' म्हणून दाखवलेल्या दागिन्यावर नंबर दिसला तर आधी विचारा, हा मारून कधी घेतला? कुंदन, पोलकी (बिनपैलूचे हिरे), जडावाला तर सक्तीच नाही.

दुसरं, तो नंबर बोलतो सोन्याबद्दल. खड्याबद्दल नाही, मोत्याबद्दल नाही. मी तीन वर्षांपूर्वी ओळखीतून एक तन्मणी घेतला. सोनं चोख. वर्षभराने सर ओवायला दिले तेव्हा कारागिराने खोडाला भिंग लावलं आणि गप्प बसला. दोन पोलक्यांच्या जागी काच होती, आत बारीक बुडबुडे. कुठल्या ॲपने सांगितलं असतं?

पाटलीणबाई
तुमचं बरोबर असेलही, पण आम्ही साध्या माणसांनी काय भिंग लावून हिंडायचं? ऑफिसातल्या एकीकडून मी पाटल्या घेतल्या. 'बावीस कॅरेट, माहेरच्या आहेत,' म्हणाली. मोडायला नेल्या तर आत लाख, म्हणजे राळ, भरलेली. लाखेचं वजन गेलं, कस कमी निघाला, वरून सराफाने घट धरली ती वेगळीच. नंबर बघितला असता तर त्या घेतल्याच नसत्या. सल्ला अर्धवट असेल, पण माझे पैसे वाचले असते.

पेठेतला
काकू, घरात तीन पिढ्या सराफी आहे म्हणून बोलतो. लाख भरणं ही फसवणूक नाही, जुने पोकळ दागिने दबू नयेत म्हणून ती भरतच. लाखेसकट वजन करून सोन्याचा भाव लावला, ती फसवणूक. आणि कस कमी आला तो बहुतेक डाकामुळे, म्हणजे सांधे जोडायच्या हलक्या कसाच्या मिश्रणामुळे. जुन्या कामात सांधा जितका जास्त, तितका कस खाली.

दुकानातल्या कस मोजायच्या मशीनचंही फार कौतुक नको, ते पृष्ठभाग वाचतं. वर मुलामा जाड असेल तर आतलं त्याला काय दिसणार? खरा कस वितळवूनच कळतो.

पाटलीणबाई
'फसवणूक नाही' हे सराफाच्या घरातूनच यावं, यात नवल ते काय! तुम्ही लोक विकताना लाख मोजता आणि मोडताना वजा करता. घडणावळ पाण्यात जाते ती निराळीच.

पेठेतला
मी विकल्या नव्हत्या तुम्हाला त्या पाटल्या.

काठावरची
सोनं सोडा हो, मोत्यांचं बोला. माझ्या आजीची नथ आहे, अस्सल बसरा मोती. दातावर घासून बघितलेत, खरखरीत लागतात. आता असे मिळत नाहीत.

मनामाकर
प्रत्येकाच्या आजीकडे बसराच कसे असतात हे मला न सुटलेलं कोडं आहे. दातावर खरखर कल्चर (माणसाने शिंपल्यात वाढवलेला) मोतीही करतो, वरचा थर तोच असतो. त्या परीक्षेत फक्त काच आणि प्लॅस्टिक नापास होतात.

मी बहरीनला राहतो. 'बसरा' नाव बंदराचं, मोती मुख्यतः इथल्या समुद्रातले. मुंबईला जायचे, तिथे प्रतवारी व्हायची, भोकं पाडली जायची, तिथून पॅरिसपर्यंत. जपानचे कल्चर मोती बाजारात आले, वर मंदी, आणि १९३० च्या दशकात धंदा बसला. आजींचं लग्न कधीचं?

काठावरची
१९६२. मग?

मनामाकर
मग काय, तोवर जपानी मोती सगळीकडे पोचले होते. हिशेब तुम्हीच करा.

काठावरची
लग्न बासष्टचं, नथ तिच्या सासूची! आमच्याकडे सुनेसाठी बाजारातून नथ आणत नसत. आणि आजीवर यायचं काम नाही.

मनामाकर
आजींवर नाही, मोत्यांवर आलो. सासूबाईंची असेल तर शक्यता आहे, एवढं मान्य. पण नथ दर पिढीत नव्याने ओवली जाते आणि ओवताना मोती बदलतात, कधी सांगून, कधी न सांगता. प्रयोगशाळेत एक्स-रे काढा. नैसर्गिक मोत्यात बहुधा कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, मणी घालून वाढवलेल्यात तो आतला गोल मणी दिसतो. मुंबईतही होतं हे काम.

सव्वातोळा
मी तेच म्हणत होतो, खोडाच्या बाबतीत. धागा बसऱ्याला पोचलाय, पण असो.

दुबईची सून
नंबरावर माझेही दोन पैसे. इथे वापरलेली ब्रँडेड ब्रेसलेट सर्रास विकतात. कार्टिएच्या स्क्रूवाल्या ब्रेसलेटची नक्कल खऱ्या १८ कॅरेट सोन्यातही करतात, आतला सीरियल नंबर एका खऱ्यावरून उचलून दहावर कोरायचा. सोनं पास, नंबर पास, वस्तू खोटी. मैत्रिणीचं असंच झालं. सर्व्हिसला टाकल्यावर परत आलं, 'हे आमचं नाही' म्हणून.

पाटलीणबाई
बघा, म्हणजे नंबर पण नको, मशीन पण नको, दात पण नको. मग जुनं घ्यायचंच कशाला? मुळात दुसरीच्या अंगावरून उतरलेलं सोनं घालू नये असं आमची आई म्हणायची.

पेठेतला
नव्या दागिन्यातलं सोनं कुणाच्या अंगावरचं होतं ते आटणीतून विचारून येतं का, काकू?

काथ्याकूट
खरा धोका कुणी बोललाच नाही. माझ्या भावाने ओळखीच्याकडून मोहनमाळ घेतली, रोखीत, पावती नाही. सहा महिन्यांनी पोलीस दारात. चोरीचा माल होता, मुद्देमाल म्हणून माळ गेली, पैसे गेले, वर आठवडाभर चौकीत जबाब. कस पाहिजे तेवढा चोख होता. विकणाऱ्याची मूळ पावती नाही तर निदान लेखी खरेदीपत्र आणि ओळखपत्राची प्रत घ्या, पैसे बँकेतून द्या.

सव्वातोळा
हे मात्र माझ्याकडून राहिलं. आणि पाटलीणबाई, थोडी माघार घेतो: नव्या, बिनखड्याच्या दागिन्याला नंबर उपयोगी आहे. पण ॲपमध्ये 'जुळला' एवढंच बघू नका, दागिन्याचा प्रकारही वाचा. अंगठीचा नंबर हारावर मारलेला सापडतो. जुन्या, बिननंबरी नगाला हॉलमार्क केंद्रात तपासणी करून मिळते, २०२३ मध्ये चार नगांपर्यंत दोनशे रुपये पडायचे.

पाटलीणबाई
'थोडी' माघार मिळाली, भरून पावले.

मनामाकर
काठावरची, एक्स-रेचं काय ठरलं?

काठावरची
काढणार नाही. मला विकायची थोडीच आहे!

मनामाकर
मग एवढं भांडलात कशाला?

काठावरची
तुम्ही लग्नाचं साल विचारलंत म्हणून.

पेठेतला
ताई, कधी विकायला काढलीच तर आधी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एक्स-रे न काढता.