अप्पर बिग ब्रांच: थोडासा मिथेन पेटला, मग २९ माणसं कशी गेली?

प्रश्न:
५ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातील या कोळसा खाणीत स्फोट झाला. अहवालानुसार सुरुवातीला पेटलेला मिथेन थोडाच होता. मग लाँगवॉलपासून (जिथे यंत्राने कोळशाची लांब भिंत कापत नेतात, त्या जागेपासून) लांब असलेले कामगार कसे दगावले? आणि चौघे बेपत्ता असताना बचाव पथकं पुन्हा पुन्हा बाहेर का काढली?

उत्तर १:
मिथेनने काडी लावली; पुढे पेटत गेली ती कोळशाची धूळ.

शियररच्या, म्हणजे कोळसा कापणाऱ्या यंत्राच्या, टोकाकडच्या ड्रमचे दात झिजलेले होते. झिजलेला दात कापण्याऐवजी घासत बसतो. वालुकाश्मावर घासला की दगडावर लालबुंद रेघ उमटते आणि मिथेन पेटायला ती पुरते. ती जागच्या जागी थंड करायला ड्रमवर पाण्याचे फवारे असतात, पण इथे त्यातले काही नोझल गायब होते, त्यामुळे पाण्याला दाब मिळेना. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की स्फोट होतो, साडेनऊच्या आसपास सगळ्यात जोरदार.

पहिल्या भडक्याचा झोत जमिनीवरची, छतावरची, कन्व्हेयरच्या सांगाड्यावरची धूळ उडवतो. मागून येणारी ज्वाळा ती पेटवते, त्यातून नवा झोत निघतो. असं गॅलरीमागून गॅलरी (खाणीतला बोगदा) चालतं. हे रोखायला चुनखडीची भुकटी मारतात. तीही उडते आणि उष्णता शोषून घेते. तेव्हाच्या नियमात ताजी हवा आत नेणाऱ्या गॅलऱ्यांतल्या धुळीत ६५ टक्के न जळणारा भाग चालत असे, नंतर सगळीकडे किमान ८० टक्के केला.

भुकटी एकदा मारून भागत नाही, हे फार जण विसरतात. तिच्यावर कागदाएवढा काळा थर बसला तरी ज्वाळा पुढे जाते, कारण आधी उडतो तो वरचाच थर. नमुना खोलवर खरवडून घेतला तर आकडा चांगला येतो, धोका मात्र तसाच राहतो.

उत्तर २:
पथकांबद्दल. झोतातून वाचलेल्याला कार्बन मोनॉक्साइड गाठतो. हवेत तो १ टक्का असला तर काही श्वासांत शुद्ध हरपते. शिवाय हवा वळवणाऱ्या भिंती पडलेल्या असतात, मिथेन साचत जातो. आत कुठे काही धुमसत असेल तर दुसरा स्फोट होऊ शकतो. म्हणून वरून बोअरहोल पाडून आतली हवा तपासत राहतात. कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजनच्या घटीने भागून १०० ने गुणायचं, हे ग्रॅहम गुणोत्तर. ते १ च्या वर चढू लागलं तर काहीतरी तापतंय, ३ च्या वर बहुधा आग. स्फोटाने स्वतःच भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडलेला असतो, त्यामुळे सुटा आकडा फसवतो. तासागणिक चढ-उतार पाहावा.

न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत १९ नोव्हेंबर २०१० च्या स्फोटानंतर २४ तारखेला पुन्हा स्फोट झाला. पथक आत असतं तर तेही गेलं असतं. अप्पर बिग ब्रांचचे चौघे ९ एप्रिलला मृतावस्थेत सापडले.

प्रश्नकर्ता:
तपासणीत यातलं काहीच दिसलं नाही?

उत्तर १:
दिसू दिलं नाही. धोके कंपनीच्या अंतर्गत वहीत नोंदले जात, कायद्याने ठेवायच्या वहीत नाही. निरीक्षक फाटकाशी आले की आत निरोप पोहोचे. तेव्हाचे कंपनीप्रमुख डॉन ब्लँकनशिप यांना २०१६ मध्ये सुरक्षा नियम मोडण्याच्या कटासाठी १ वर्षाची कैद झाली. अमेरिकी कायद्यात हा गुन्हा किरकोळ वर्गात बसतो, त्यामुळे त्याहून जास्त देताच येत नव्हती.