जळगावहून दोन दिवस: सकाळी किल्ला, दुपारी वायनरी. कसं बसवावं?

तापीकाठ: राम राम मंडळी. जळगाव-भुसावळचे चौघे आहोत. नाशिकजवळचा हरिहर किल्ला आणि सुला वायनरी एकाच दिवशी, दुसऱ्या दिवशी आणखी एक किल्ला आणि एक वायनरी, असा बेत आहे. २६ जानेवारीला जोडून सुट्टी मिळते. गाडी न्यावी की रेल्वेने जावं?

कातळपायरी: आधी तारीख बदला. २६ जानेवारी ड्राय डे असतो, ३० जानेवारीही. त्या दिवशी टेस्टिंगही नाही आणि बाटलीही नाही. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी (घड धरण्यासाठीची छाटणी) झालेल्या वाइनच्या बागा जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येतात. म्हणजे द्राक्षं उतरताना, चिरडताना आणि टाकीत आंबताना एकाच फेरीत बघायला मिळतात. पावसाळ्यात गेलात तर नुसता पाला दिसेल. घड तोडून खाऊ नका, फवारणी झालेली असते. शिवाय ही द्राक्षं बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात, थॉमसनसारखी नाहीत.

हरिहरच्या दिवशी वायनरी नकोच. कातळात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकतात, रविवारी तर फारच. वायनरीची दुपारी दोनची वेळ डोक्यात असली की माणूस उतरताना घाई करतो, आणि ती जागा घाईची नाही.

त्यापेक्षा जवळजवळच्या जोड्या घ्या. पहिल्या दिवशी पेठ रोडवरचा रामशेज: पायथा आशेवाडी, तासाभराची चढण, अवघड टप्पा नाही. सातला सुरुवात केली तर दहा-साडेदहापर्यंत खाली. तिथून गंगापूर धरणाकडे सुला आणि यॉर्क या वायनऱ्या शेजारीशेजारी आहेत. दोन्हींत टेस्टिंग करू नका, एकीकडे टेस्टिंग आणि दुसरीकडे नुसतं जेवण. दुसऱ्या दिवशी इगतपुरी तालुक्यातलं कावनई. वरच्या कातळटप्प्याला लोखंडी शिडी आहे, तेवढी जपून. त्याच भागात मुकणे धरणाच्या बाजूला वॅलोने आणि सांजेगावला ग्रोव्हर झांपा या वायनऱ्या. मला विचाराल तर ही जोडी पहिलीपेक्षा सरस, गर्दी कमी असते.

जाताना रेल्वेने नाशिकरोड, परतताना इगतपुरीहून बसा. मधल्या फिरण्याला चालकासह जीप ठरवा.

अंजनवेल: चालक का लागतोच, त्याचा हिशेब. टेस्टिंगमध्ये ३० मिलीचे सहा घोट धरले तर १८० मिली वाइन झाली. १३ टक्क्यांनी त्यात साधारण १८ ग्रॅम अल्कोहोल. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्राम, आणि ६०-६५ किलोच्या माणसाची ती एवढ्यातच ओलांडली जाऊ शकते. चढून घाम गेलेला आणि पोट रिकामं असेल तर आणखी लवकर चढते. म्हणून किल्ला उतरल्यावर माणशी लिटरभर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, मग पोळी-भाजी किंवा दहीभात, आणि निदान तासभर थांबून टेस्टिंग. घोट तोंडात फिरवून भांड्यात थुंकणं रीतसर आहे, त्यात अपमान कोणाचाच नाही.

शेवभाजी आणि ठेचा रात्रीसाठी ठेवा. तिखटाने जीभ पोळलेली असली की शिराझसारख्या लाल वाइनचा तुरटपणा नुसता झोंबतो आणि बाकी चव कळतच नाही. अत्तर-डिओही नको, वास घ्यायचा असतो.

सातपुडा_पायवाट: नंदुरबारकरांसाठी: बाटल्या घेऊन सापुतारामार्गे परतू नका. तो रस्ता गुजरातेतून जातो, तिथे दारूबंदी आहे. देवळा-सटाणा-साक्री हाच रस्ता धरा. वाटेत साल्हेर करायचा असेल तर १५६७ मीटरच्या त्या किल्ल्याला पूर्ण दिवस द्या, वाइन दुसऱ्या दिवशी.

तापीकाठ: तारीख बदलली, हरिहर काढला. बाटल्या घरी टिकतील ना?

अंजनवेल: फेब्रुवारीत आणताना अडचण नाही, फक्त बंद गाडीत उन्हात ठेवू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मात्र कपाटात ठेवलेली वाइन बिघडते: आतली वाइन फुगून बूच वर सरकतं, हवा शिरते आणि चव शिजल्यासारखी होते. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आडवी ठेवा. उघडलेली पांढरी तीन-चार दिवसांत संपवा. चौघांना दोन बाटल्या पुरेत.