दाढांच्या उपचारानंतरही ससा खात नाही. सिरिंजने भरवण्याबाबत मदत हवी आहे

आमच्या सशाने आधी वाळलेले गवत आणि मग पालाही खाणे सोडले. खालच्या दाढांना आलेली अणकुचीदार टोके जिभेला टोचत असल्याचे पशुवैद्यांच्या तपासणीत आढळले. आता दाढा घासून झाल्या आहेत, वेदनाशामक औषध चालू आहे आणि लेंड्याही पुन्हा दिसू लागल्या आहेत, मात्र त्या बारीक व कोरड्या आहेत आणि गवताकडे तो अजूनही पाठ फिरवतो.

आतड्यात अडथळा नसल्याची क्ष-किरण तपासणीत खात्री करून मगच पशुवैद्यांनी पातळ आहार सिरिंजने भरवण्यास सांगितले. अडथळा असताना बळेच भरवणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढच्या दातांमागील मोकळ्या जागेतून, त्याला उताणे न करता, थोडे थोडे भरवतो. तरीही तो मान झटकतो, बरेचसे बाहेर सांडते, आणि घाईत अन्न श्वासनलिकेत जाईल की काय, अशी धास्ती वाटत राहते.

ज्यांनी असा ससा सांभाळला आहे, त्यांनी कृपया सांगावे की त्याला न घाबरवता कसे धरावे, दोन घासांमध्ये किती थांबावे, आणि तो स्वतःहून गवत चघळू लागावा यासाठी भरवणे कधी व कसे कमी करत न्यावे. गवताखेरीज दात नीट झिजणार नाहीत, म्हणून शेवटच्या प्रश्नाची मला सर्वाधिक काळजी आहे. औषधांचे प्रमाण पशुवैद्यच ठरवत आहेत. मला केवळ शुश्रूषेतील अनुभव हवे आहेत.